जीवनसत्त्वं आणि खनिजं: कमी पडली तर काय होतं आणि जास्त झाली तर काय?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटायची, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. पुरुष, बायका, शाळकरी मुलं, सगळ्यांनाच हा त्रास झाला. बघता बघता ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द मोबाइलवर फिरू लागला. कुणी शॅम्पूला दोष दिला, कुणी बोअरच्या पाण्याला, कुणी बुरशीला. आरोग्य विभागाची पथकं गावात आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे तज्ज्ञही आले.

विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि त्यांच्या घरातल्या गव्हाचे नमुने तपासून घेतले. त्यांच्या निष्कर्षानुसार रुग्णांच्या शरीरात सेलेनियम नावाचं खनिज खूप वाढलं होतं आणि झिंक, म्हणजे जस्त, कमी झालं होतं. रेशनवर मिळालेल्या गव्हात स्थानिक गव्हाच्या तुलनेत सुमारे ६०० पट सेलेनियम आढळल्याचं त्यांनी सांगितलं. हा गहू पंजाब-हरियाणाच्या बाजूने आलेला होता, असं त्यांचं म्हणणं आहे. पंजाबच्या होशियारपूर आणि शहीद भगतसिंग नगर या जिल्ह्यांमधल्या काही पट्ट्यांत मातीतच सेलेनियम जास्त असतं, हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत आहे.

आता घरातली मल्टिव्हिटॅमिनची बाटली किंवा पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचली, तर त्यात बऱ्याचदा हेच सेलेनियम सापडेल. ते शरीराला रोज लागतं आणि कमी पडलं तर आजार होतो.

मग एकच पदार्थ औषधाच्या यादीत आणि विषाच्या यादीतही कसा? कोणतं जीवनसत्त्व किती लागतं, कमी पडलं तर काय होतं आणि ‘अंगाला लागेल’ म्हणून जास्त घेतलं तर काय होतं, ते समजून घेऊ.

जीवनसत्त्वं आणि खनिजं नेमकं काय करतात?

भाकरी, भात, डाळ, तेल यांतून शरीराला ऊर्जा मिळते आणि बांधणीचं सामान मिळतं. जीवनसत्त्वं म्हणजे व्हिटॅमिन आणि खनिजं म्हणजे मिनरल्स. त्यांच्यातून ऊर्जा मिळत नाही. पण ती ऊर्जा वापरायला, रक्त तयार करायला, हाडं घडवायला, नसांमधून संदेश पोहोचवायला त्यांची गरज असते.

घर बांधताना विटा आणि वाळू ट्रकने येते, बिजागऱ्या आणि स्क्रू पिशवीत मावतात. पण बिजागरीशिवाय दार बसत नाही. जीवनसत्त्वांचं आणि बऱ्याच खनिजांचं काम असंच आहे. उदाहरणार्थ, माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर सगळं मिळून चार ग्रॅमसुद्धा होत नाही. पण तेवढं मिळालं नाही तर गलगंड होतो, आणि गर्भावस्थेत फारच कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते.

माणसाला लागणारी जीवनसत्त्वं एकूण १३ आहेत. त्यातली ए, डी, ई आणि के ही चार चरबीत विरघळतात. सी आणि बी गटातली आठ पाण्यात विरघळतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. जीवनसत्त्वं वनस्पती, प्राणी किंवा सूक्ष्मजीव तयार करतात. खनिजं मात्र कुणीच तयार करत नाही. ती माती आणि पाण्यातून पिकात येतात आणि पिकातून पोटात. त्यामुळे ज्या भागातल्या मातीत एखादं खनिज कमी किंवा जास्त असेल, तिथल्या माणसांच्या शरीरातही ते कमी-जास्त होऊ शकतं.

हे कळलं कसं?

शतकानुशतकं लांबच्या सफरीवर जाणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे, जुन्या जखमा उघडायच्या आणि ते मरायचे. हा आजार म्हणजे स्कर्व्ही. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातला डॉक्टर जेम्स लिंड याने ‘सॅलिसबरी’ जहाजावर १२ आजारी खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला संत्री आणि लिंबं. संत्री-लिंबं खाणारे दोघे काही दिवसांतच उभे राहिले. त्यात व्हिटॅमिन सी होतं, पण ते नाव तेव्हा अस्तित्वात नव्हतं.

दीडशे वर्षांनी असाच शोध जावा बेटावर लागला. तिथे काम करणारे डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांच्या लक्षात आलं की पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांमधल्या बेरीबेरी या आजाराचं कोडं त्यातून सुटत गेलं. तांदूळ पांढराशुभ्र करताना व्हिटॅमिन बी१ कोंड्याबरोबर निघून जात होतं. या कामासाठी आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द मात्र पोलंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ कॅसिमिर फंक यांनी १९१२ मध्ये वापरला.

आजार म्हणजे शरीरात काहीतरी वाईट शिरलं, अशीच तोवरची समजूत होती. काहीतरी चांगलं कमी पडल्यामुळेही माणूस मरू शकतो, हे या शोधांनी दाखवलं.

भारतात काय कमी पडतं?

स्कर्व्ही आणि बेरीबेरी आज क्वचित दिसतात. पण काही कमतरता घरोघरी आहेत.

लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये ते जवळपास ६९ टक्के आहे. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही, पण ते मोठं कारण आहे. जिना चढताना धाप लागणं, सतत थकवा, केस गळणं, माती किंवा खडू खावासा वाटणं ही त्याची लक्षणं.

ताटात लोह असलं तरी ते रक्तात जाईलच असं नाही. पालेभाज्या, बाजरी, डाळी यांमधलं लोह आतड्यातून कमी शोषलं जातं. व्हिटॅमिन सी सोबत असेल तर ते वाढतं. म्हणून पोह्यांवर किंवा वरणावर लिंबू पिळण्याची सवय चांगली. त्याच पोह्यांबरोबर चहा घेतला तर मात्र चहातले टॅनिन लोहाला अडवतात. जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवावं, असं डॉक्टर सांगतात ते यामुळे.

व्हिटॅमिन बी१२. हे मांस, मासे, अंडी, दूध, दही यांतूनच मिळतं. पालेभाज्यांमध्ये ते नसतं. त्यामुळे दूधही कमी पिणाऱ्या शाकाहारी माणसांत ते कमी पडतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोज गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही ते उतरू शकतं. यकृतात त्याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. म्हणून कमतरता हळूहळू येते आणि लक्षात यायला उशीर होतो. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं अशी तिची लक्षणं आहेत. उपचार फार लांबले तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

व्हिटॅमिन डी. त्वचेवर ऊन पडलं की शरीर ते स्वतः तयार करतं. तरीही भरपूर उन्हाच्या आपल्या देशात अनेकांमध्ये ते कमी आढळतं. दिवसभर घरात किंवा ऑफिसात बसणं, अंगभर कपडे, हवेतलं प्रदूषण, गडद त्वचेला लागणारं जास्त ऊन अशी त्याची कारणं आहेत. ज्या अन्नातून ते मिळतं असे पदार्थही थोडेच आहेत. लहान मुलांमध्ये ते फार कमी पडलं तर मुडदूस होतो, म्हणजे हाडं मऊ राहून पाय वाकतात. मोठ्यांमध्ये हाडं दुखतात आणि स्नायू कमजोर होतात.

आयोडीन. ही गोष्ट भारताने चांगली हाताळली. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागात आयोडीनयुक्त मीठ आणि काही भागात साधं मीठ देऊन पाहिलं. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागात गलगंड घटला. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज घरात पोहोचणाऱ्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं, असा नियम आहे. म्हणूनच रील पाहून साधं मीठ बंद करून फक्त सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरताना पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलंय का ते पाहायला हवं.

जास्त घेतलं तर बिघडलं कुठे?

‘व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीतून निघून जाईल’, हे वाक्य नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

पाण्यात विरघळणारी बहुतेक जीवनसत्त्वं गरजेपेक्षा जास्त झाली की मूत्रपिंडं ती बाहेर टाकतात. मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, ती बी२ मुळे. ए, डी, ई, के मात्र चरबीत आणि यकृतात साठतात. लोहाला तर शरीराबाहेर काढण्याची खास सोयच शरीरात नाही. एकदा आत आलेलं लोह साठतच राहतं, फक्त रक्त गेलं तरच ते लक्षणीय प्रमाणात कमी होतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो व्हिटॅमिन डीच्या बाबतीत. प्रौढ माणसाची रोजची गरज ६०० आययू, म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक, धरली जाते. औषधाच्या दुकानात मिळणारी पावडरची पुडी किंवा कॅप्सूल मात्र ६०,००० आययूची असते. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांची गरज. कमतरता असलेल्या रुग्णाला डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे घ्यायला सांगतात.

आता चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ नीट वाचलं गेलं नाही आणि कुणी ती दुधातून रोज घेतली, तर महिनाभरात पोटात १८ लाख आययू जातात. हा आठ वर्षांहून जास्त काळाचा कोटा झाला. असे प्रकार घडतात. चुकून रोज घेतलेल्या पुड्या किंवा वारंवार टोचून घेतलेली जास्त ताकदीची इंजेक्शनं यांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या आहेत.

डी जास्त झालं की आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग भूक मरते, मळमळ आणि उलट्या होतात, बद्धकोष्ठता होते, सारखी तहान आणि लघवी लागते, वयस्कर माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागतो. मूत्रपिंडात खडे होऊ शकतात आणि मूत्रपिंडं निकामीही होऊ शकतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठलेलं असल्यामुळे पुडी बंद केली तरी त्रास कित्येक आठवडे चालू राहू शकतो. उन्हातून मात्र असा अतिरेक होत नाही, कारण पुरेसं तयार झाल्यावर त्वचा जास्तीचं डी स्वतःच मोडून टाकते.

व्हिटॅमिन ए बद्दलचा धडा जुना आहे. १५९७ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स याच्या तुकडीतल्या लोकांनी उत्तर ध्रुवाजवळ अडकलेले असताना ध्रुवीय अस्वलाचं यकृत शिजवून खाल्लं. ते आजारी पडले आणि तिघांची तर अंगभर कातडी सोलवटून निघाली. त्या यकृतात व्हिटॅमिन ए प्रचंड प्रमाणात साठलेलं असतं, हे कळायला विसावं शतक उजाडलं. आज धोका गोळ्यांचा आहे. तयार व्हिटॅमिन ए दीर्घकाळ जास्त घेतल्यास यकृताला इजा होते, आणि गर्भवतीने घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग निर्माण होऊ शकतं. गाजर, भोपळा, पपई यांच्यात मात्र तयार ए नसून बीटा कॅरोटीन असतं आणि शरीर त्याचं ए लागेल तेवढंच करतं. खूप गाजरं खाल्ली तर फार तर तळहात पिवळे दिसतात.

मग सरकारी कार्यक्रमात लहान मुलांना व्हिटॅमिन ए चा एवढा मोठा डोस का देतात? कारण ते यकृतात साठतं. नऊ महिने ते पाच वर्षं या वयात ठरावीक अंतराने दिलेला डोस मुलाला काही महिने पुरतो आणि रातांधळेपणापासून वाचवतो. डोस आणि दोन डोसमधलं अंतर दोन्ही मोजून ठरवलेलं असतं. म्हणून तो नोंद करून, केंद्रावरच द्यायचा असतो.

इतर काही अतिरेक:

• लोह: लोहाच्या गोळ्या घरात ठेवताना त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. १० किलो वजनाच्या मुलाने ६० मिलिग्रॅम लोहाच्या दहा गोळ्या गिळल्या तर ती जीवघेणी विषबाधा ठरू शकते. रंगीत गोळी मुलाला गोळी-चॉकलेटसारखीच दिसते.

• व्हिटॅमिन बी६: मुंग्या येतात म्हणून घेतलेलं बी६ मोठ्या मात्रेत अनेक महिने घेतलं, तर त्यानेच नसांना इजा होऊन हातपाय बधिर होऊ शकतात. पाण्यात विरघळणारं म्हणजे निर्धोक, या समजुतीला हा अपवाद आहे.

• झिंक: कोविडच्या काळात ५० मिलिग्रॅम झिंकच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या. त्या महिनोन्महिने चालू ठेवल्या तर तांबं शोषलं जात नाही आणि तांब्याच्या अभावी रक्तक्षय होऊ शकतो.

• व्हिटॅमिन सी: रोज मोठे डोस घेतल्यास जुलाब होतात आणि काहींना मूतखड्याचा धोका वाढतो. एका मध्यम पेरूत दिवसाची गरज भागून उरेल एवढं सी असतं.

• बायोटिन: ‘केस आणि नखांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गमीमध्ये गरजेच्या शेकडो पट बायोटिन असू शकतं. त्याने विषबाधा होत नाही, पण रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात. थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिन चाचणी खोटी ‘नॉर्मल’ दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

एकच खनिज, दोन आजार

कमी आणि जास्त या दोन्ही टोकांचं ठळक उदाहरण चीनमध्ये सापडतं. ईशान्य चीनमधल्या केशान भागात १९३५ मध्ये हृदयाचे स्नायू कमजोर करणारा आजार पसरला. पुढे तो ‘केशान आजार’ म्हणूनच ओळखला गेला. तिथल्या मातीत आणि म्हणून धान्यातही सेलेनियम फार कमी होतं. १९७० च्या दशकात मुलांना सेलेनियमच्या गोळ्या दिल्यावर हा आजार झपाट्याने कमी झाला.

त्याच देशातल्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गावंच्या गावं आजारी पडली होती. तिथे लोकांचे केस आणि नखं गळत होती. तिथल्या दगडी कोळशात आणि त्यामुळे मातीत सेलेनियम भरपूर होतं. दुष्काळात भाताचं पीक गेलं, लोक त्याच मातीतल्या मक्यावर आणि भाज्यांवर जगू लागले आणि सेलेनियम अंगात भिनलं. बुलढाण्यातली लक्षणं याच आजाराशी मिळतीजुळती होती.

महाराष्ट्रात फ्लोराइडची गोष्ट अशीच आहे. थोडं फ्लोराइड दातांना किडीपासून वाचवतं, म्हणून ते टूथपेस्टमध्ये असतं. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे. एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, नंतर हाडं आणि सांधे आखडतात.

गरज आणि धोका यांत अंतर किती?

प्रत्येक जीवनसत्त्वाला आणि खनिजाला ‘रोज इतकं हवं’ असा एक आकडा असतो आणि ‘रोज यापेक्षा जास्त नको’ असा दुसरा. या दोन आकड्यांमधलं अंतर सगळ्यांसाठी सारखं नाही. अमेरिकेत वापरले जाणारे प्रौढ पुरुषांसाठीचे आकडे असे आहेत:

• व्हिटॅमिन ए: गरज ९०० मायक्रोग्रॅम, तयार ए ची मर्यादा ३,०००. म्हणजे जेमतेम सव्वातीन पट.

• झिंक: गरज ११ मिलिग्रॅम, मर्यादा ४०. साडेतीन पटींच्या आसपास.

• व्हिटॅमिन डी: गरज ६०० आययू, मर्यादा ४,०००. सुमारे साडेसहा पट.

• सेलेनियम: गरज ५५ मायक्रोग्रॅम, मर्यादा ४००. सुमारे सात पट.

• व्हिटॅमिन सी: गरज ९० मिलिग्रॅम, मर्यादा २,०००. बावीस पट.

• व्हिटॅमिन बी१२: गरज २.४ मायक्रोग्रॅम. वरची मर्यादा ठरवलेली नाही, कारण अतिरेकाचे ठोस दुष्परिणाम दिसलेले नाहीत.

भारतात आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय आहार लक्षात घेऊन वेगळे आकडे दिले आहेत. उदाहरणार्थ, आपलं बरंचसं लोह वनस्पतींतून येतं आणि कमी शोषलं जातं. म्हणून भारतीय स्त्रीसाठी लोहाची गरज दिवसाला २९ मिलिग्रॅम धरली आहे. अमेरिकेत ती १८ मिलिग्रॅम आहे.

डॉक्टरांनी ठरावीक काळासाठी दिलेला डोस या मर्यादेच्या वर असू शकतो. तो उपचार असतो आणि त्यावर लक्ष ठेवलेलं असतं. मर्यादेचा आकडा स्वतःच्या मनाने रोज गोळी घेणाऱ्यासाठी आहे.

फक्त प्रमाण नाही, समतोलही

एक घटक वाढवला की दुसऱ्यावर परिणाम होतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये गर्भवती स्त्रियांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यात सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी१२ कमी आढळलं. फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहा वर्षांच्या वयात इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. ही पुढच्या मधुमेहाची नांदी मानली जाते.

फॉलिक ॲसिड गर्भवतीसाठी गरजेचंच आहे. बाळाच्या मज्जारज्जूतला जन्मजात दोष त्याने टळतो. त्याच्या जोडीला बी१२ कडेही लक्ष हवं, एवढाच याचा अर्थ.

फिनलंडमधला अनुभव तर अगदी उलटा निघाला. फळं-भाज्या खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून संशोधकांनी २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीनच्या गोळीची चाचणी घेतली. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. गाजर खाणं आणि गाजरातला एक घटक काढून त्याची मोठी गोळी खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळलं.

मग गोळ्या घ्यायच्या की नाही?

काहींनी घ्यायलाच हव्यात. गर्भवतींना लोह आणि फॉलिक ॲसिड लागतं. सरकारी केंद्रांवर ते मोफत मिळतं आणि ते टाळणं धोक्याचं आहे. दूधही न घेणाऱ्या वीगन लोकांना बी१२ बाहेरून घ्यावंच लागतं. तपासणीत कमतरता निघालेल्यांनी, आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, डॉक्टरांनी सांगितलेल्या वृद्धांनी आणि बाळांनी डोस पूर्ण करावा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नये.

काहींनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियम किंवा डी सुद्धा त्रासदायक ठरू शकतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये व्हिटॅमिन के औषधाचा परिणाम कमी करतं. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण त्याच्या शरीरात लोह पुरेसं असू शकतं. अशा माणसाने वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेतल्या तर उपयोग नाही, उलट लोह साठण्याचा धोका. म्हणून हिमोग्लोबिन कमी आलं की फेरिटिनसारखी लोहसाठ्याची चाचणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावं.

बाकीच्यांसाठी रोजच्या ताटात डाळ, पालेभाजी, दही किंवा ताक, एखादं फळ, मूठभर शेंगदाणे किंवा तीळ आणि खाणाऱ्यांसाठी अंडी-मासे असतील, तर बहुतेक गरज भागते.

गोळी मागवण्याआधी पाच गोष्टी तपासा

१. कमतरता आहे हे रक्ततपासणीतून कळलंय की लक्षणांवरून अंदाज बांधलाय? थकवा आणि केस गळणं लोहामुळे, थायरॉइडमुळे, झोप कमी झाल्यामुळे किंवा ताणामुळेही असू शकतं.

२. डोस रोजचा आहे, आठवड्याचा की महिन्याचा? चिठ्ठीवर कळत नसेल तर औषध दुकानदाराकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या. घरातल्या वयस्करांची पुडी ठरावीक वारी, कॅलेंडरवर खूण करून द्या.

३. किती दिवस घ्यायची? शेवटची तारीख नसलेला डोस हीच अतिरेकाची सुरुवात असते.

४. एकच घटक दोन-तीन डब्यांतून पोटात जातोय का? मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी, प्रोटीन पावडर आणि केसांची गमी या चारही ठिकाणी डी किंवा झिंक असू शकतं. बेरीज करून पाहा.

५. रक्ततपासणीला जाताना कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगितलं का? बायोटिन घेत असाल तर ते आवर्जून सांगा.

डी ची पुडी रोज घेतली गेल्याचं लक्षात आलं तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना भेटा. रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम तपासून उपचार करता येतात. लहान मुलाने लोहाच्या गोळ्या गिळल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट न पाहता, गोळ्यांचं पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. सुरुवातीच्या उलट्या थांबल्यावर मूल काही तास बरं वाटतं, पण आतून बिघाड चालूच असू शकतो.

शेगावच्या गावांमध्ये लोकांनी ज्या पिठाची पोळी खाल्ली, त्या गव्हाचा रंग, वास, चव यांत काहीच वेगळं नव्हतं. रेशनचं पोतं पाहून त्यात सेलेनियम किती आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. बावस्करांच्या म्हणण्यानुसार तो गहू बंद केल्यावर काही जणांचे केस पुन्हा येऊ लागले. थकलेला चेहरा किंवा गळणारे केस पाहूनही शरीरात काय कमी आणि काय जास्त आहे ते कळत नाही. ते प्रयोगशाळेतल्या आकड्यावरूनच कळतं, आणि गोळीचा निर्णय तो आकडा हाती आल्यावर घ्यायचा असतो.